मधमाशीला रंग कसे दिसतात, आणि त्यावरून शेतात-बागेत काय बदलायचे

कारल्याच्या मांडवाखाली सकाळी साडेसातच्या सुमाराला उभे राहिले की एक गोष्ट नीट पाहता येते. फुले नुकतीच उमललेली असतात, पानांवरचे दव वाळायचे असते. एक सातेरी माशी, म्हणजे पेटीत पाळली जाणारी आपली देशी मधमाशी, येते. ती दुरून नेम धरून फुलावर झेपावत नाही. मांडवाच्या कडेकडेने, पानांपासून थोडे अंतर राखून तरंगत पुढे सरकते, मध्येच परत फिरते, आणि एखाद्या फुलापासून अर्ध्या वितीवर आली की तिची चाल एकदम पालटते. पाय खाली सुटतात, मिशा पुढे येतात, तोंड फुलाच्या मध्याकडे वळते आणि ती बसते. मला तेच फूल दहा पावलांवरून पिवळेधमक दिसत होते. मग तिला ते इतक्या उशिरा का दिसावे?

मी बरीच वर्षे सातेरीच्या पेट्या सांभाळतो, जोडीला थोडा भाजीपाला करतो. या प्रश्नाचे उत्तर कळल्यावर मी पेट्या रंगवायची पद्धत बदलली, बांधावरची लागवड बदलली आणि फुलोऱ्याच्या दिवसांत निळे चिकट सापळे लावणे बंद केले. ज्याच्याकडे चार कुंड्या आहेत त्यालाही आणि ज्याच्याकडे चार एकर कांदा बियाण्याला सोडलेला आहे त्यालाही उपयोगी पडेल अशा क्रमाने हे सगळे इथे मांडतो.

आधी तिचा डोळा समजून घ्या

कामकरी माशीच्या डोक्याच्या दोन बाजूंना दोन मोठे संयुक्त डोळे असतात. एकेका डोळ्यात सुमारे पाच हजार बारीक भिंगे असतात आणि प्रत्येक भिंग फक्त आपल्या समोरच्या एका दिशेकडे पाहते. सगळ्या भिंगांकडून आलेले ठिपके मिळून तिचे चित्र होते. ठिपक्यांची रांगोळी घातली आहे, पण रेघा अजून जोडलेल्या नाहीत, असे काहीसे. बारकावा आपल्यापेक्षा पुष्कळ कमी, पण हालचाल टिपण्यात हे डोळे आपल्याहून फार तेज. आपल्याला ट्यूबलाइट स्थिर जळताना दिसते, मधमाशीला तिची उघडझाप दिसू शकते. याशिवाय डोक्याच्या माथ्यावर तीन साधे डोळे असतात. ते चित्र पाहण्यासाठी नसतात, उजेडाचा आणि क्षितिजाचा अंदाज घेण्यासाठी असतात.

रंग ओळखणाऱ्या पेशी तिच्याकडे आपल्यासारख्याच तीन प्रकारच्या आहेत. फरक आहे तो त्या कुठे बसवल्या आहेत याचा. युरोपीय मधमाशीच्या डोळ्यावर झालेल्या मोजमापांत या तीन पेशी ३४४, ४३६ आणि ५४४ नॅनोमीटरच्या (प्रकाशाच्या लहरींची लांबी मोजायचे माप) आसपास सर्वांत संवेदनशील आढळल्या, म्हणजे अतिनील (जांभळ्याच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा), निळा आणि हिरवा. आपल्या पेशी ढोबळमानाने ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटरच्या जवळ आहेत. थोडक्यात, आपली सगळी पट्टी लालाकडे सरकलेली आणि तिची अतिनीलाकडे. आपल्या सातेरीचे डोळेही याच धाटणीचे आहेत.

यातून चार गोष्टी निघतात आणि पुढचे सगळे त्यांवरच उभे आहे.

गडद लाल तिला रंग म्हणून दिसत नाही, काळपट दिसतो. मात्र 'मधमाशी लाल फुलावर जात नाही' हे आपल्याकडे सर्रास सांगितले जाणारे वाक्य अर्धेच खरे आहे. काटेसावर फुलली की तिच्यावर आग्या माश्यांचा, म्हणजे मोठ्या रानटी मधमाश्यांचा, गुंजारव असतो. डाळिंबाच्या शेंदरी फुलावर माश्या येतातच. फूल तिच्या दृष्टीतून नाहीसे होत नाही, त्याचा भडकपणा तेवढा नाहीसा होतो. पळस, पांगारा, सावर यांनी तो भडकपणा मुख्यतः पक्ष्यांसाठी ठेवला आहे.

दुसरी गोष्ट पांढऱ्याची. आपल्याला पांढरी दिसणारी बहुतेक फुले अतिनील किरण शोषून घेतात. तिसरा रंग वजा झाल्यामुळे मधमाशीला ती पांढरी दिसत नाहीत, निळसर-हिरवी अशा एका छटेत दिसतात. कोथिंबीर, शेवगा, कांद्याचा डोंगळा हे सगळे तिच्या दृष्टीने रंगीत आहेत.

तिसरी पिवळ्याची. दोन पिवळी फुले आपल्याला सारखीच वाटतात. त्यांतले एक अतिनील परावर्तित करत असेल आणि दुसरे करत नसेल, तर मधमाशीला ते दोन वेगळे रंग आहेत. पिवळा आणि अतिनील मिळून होणाऱ्या रंगाला अभ्यासक 'मधमाशीचा जांभळा' म्हणतात. आपण तो कधीच पाहू शकणार नाही.

आणि चौथी, जी लोक विसरतात: हिरवे पान. आपल्याला शेत हिरवेगार दिसते. मधमाशीला पान जवळजवळ राखाडी, फिके दिसते. म्हणजे तिच्यापुढे राखाडी पडदा आहे आणि त्यावर फुले मांडलेली आहेत. फूल त्या पडद्यावर उठून दिसते की नाही, हा खरा प्रश्न.

अंतराचे गणित, ज्यावर सगळे अडते

आता कारल्याच्या मांडवाकडे परत येऊ. रंगीत चकत्या वापरून मधमाश्यांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की वस्तू तिच्या डोळ्यात साधारण १५ अंशांचा कोन व्यापत नाही तोवर तिला तिचा रंग ओळखता येत नाही. त्याहून लहान, पण ५ अंशांपेक्षा मोठी दिसत असेल तर फक्त हिरव्याच्या पेशी काम करतात: 'इथे पानापेक्षा वेगळे काहीतरी आहे' एवढेच कळते. ५ अंशांहून लहान असेल तर काहीच नाही.

हे अंश सेंटिमीटरमध्ये आणून पाहा. कारल्याचे फूल साधारण ३ सेंटिमीटरचे. त्याचा रंग तिला कळतो सुमारे ११ सेंटिमीटरवर, म्हणजे जेमतेम अर्ध्या वितीवर. ते 'काहीतरी' म्हणून दिसते सुमारे ३४ सेंटिमीटरवरून. एक सेंटिमीटरच्या फुलाचा रंग ४ सेंटिमीटरवर येईपर्यंत कळत नाही. सूर्यफुलाचे २० सेंटिमीटरचे फूल घेतले तर रंग पाऊण मीटरवरून कळतो आणि आकार सव्वादोन मीटरवरून. तीच लहान फुले एक मीटर रुंदीच्या दाट ताटव्यात असतील तर सगळा ताटवा मिळून एक फूल झाल्यासारखा, रंगासकट पावणेचार मीटरवरून दिसू लागतो आणि नुसता ठिपका म्हणून अकरा मीटरवरून.

माझ्या मते शेतकऱ्याने या सगळ्या विषयातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. कोणता रंग लावावा यावर लोक तास-तास बोलतात. पण दुरून येणाऱ्या माशीला रंग दिसतच नाही, ताटवा दिसतो.

मग अर्ध्या-एक किलोमीटरवरून ती शेतापर्यंत पोहोचते कशी? पेटीतल्या बहिणींच्या नाचातून दिशा आणि अंतर कळते, सूर्य वाट दाखवतो, जवळ आल्यावर वास ओढतो. डोळ्याचे रंगज्ञान शेवटच्या टप्प्याचे काम करते: या फुलावर बसू की त्या. परागीभवन होते की नाही ते मात्र ठरते याच शेवटच्या टप्प्यात.

घरी करून पाहण्याचा प्रयोग

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकचे नामांकित नेत्रतज्ज्ञ कार्ल फॉन हेस ठामपणे सांगत होते की मधमाश्यांना रंग दिसत नाहीत. कार्ल फॉन फ्रिश या तरुण प्राणिशास्त्रज्ञाला ते पटेना. फुलांनी एवढे रंग धारण केले ते कोणासाठी, हा त्याचा साधा प्रश्न. १९१४ साली त्याने प्रसिद्ध केलेला प्रयोग इतका सरळ आहे की शाळेतल्या मुलांनाही करता येतो. मधमाश्यांच्या नाचाची भाषा उलगडणारा हाच माणूस. १९७३ च्या नोबेल पारितोषिकाचा तो एक मानकरी.

सामान थोडेच लागते. पोस्टकार्डाएवढा एक निळा पुठ्ठा आणि त्याच मापाचे राखाडी पुठ्ठे दहा-पंधरा, अगदी फिक्यापासून काळ्यापर्यंत प्रत्येक पायरीचे. राखाडी छटा झेरॉक्सच्या दुकानात छापून मिळतात. काचेच्या किंवा पारदर्शक प्लॅस्टिकच्या सारख्या झाकण्या, पुठ्ठ्यांइतक्याच. साखर आणि पाणी समसमान घेऊन केलेला पाक. गूळ नको, त्याचा वास माश्यांना वाट दाखवतो आणि प्रयोग बिघडतो. मधही नको. बाहेरचा मध माश्यांना चाखायला दिला तर त्यातून पेट्यांत रोग जाऊ शकतो.

माश्या आणणे हेच सर्वांत चिवट काम. आजूबाजूला फुलोरा जोरात असेल तर त्या साखरपाण्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, म्हणून फुलांची टंचाई असलेले दिवस निवडा. फुलावर बसलेल्या माशीवर हलकेच पारदर्शक पेला ठेवा, खालून पुठ्ठा सरकवा आणि तो पेला तसाच पाकाच्या झाकणीवर उपडा करा. पेल्यावर हाताची सावली धरली की ती खाली उतरते आणि पाकाला तोंड लावते. तोंड लावले की पेला हळूच उचला. पोट भरून ती उडेल, झाकणीभोवती दोन-तीन गिरक्या घेऊन जागा डोळ्यांत साठवेल आणि बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत परत येईल. सोबत आणखी एक-दोन आणेल. ज्यांना दंशाची ॲलर्जी आहे त्यांनी हे काम दुसऱ्याकडे द्यावे.

आता टेबलावर सगळे पुठ्ठे चौकोनात मांडा. प्रत्येकावर झाकणी ठेवा, पण पाक फक्त निळ्यावरच्या झाकणीत. दर पंधरा-वीस मिनिटांनी निळ्याची जागा बदला. असे दोन-तीन तास चालू द्या. जागा बदलण्याचा कंटाळा करू नका. माश्यांना जागेची आठवण रंगाइतकीच पक्की असते आणि जागा तीच ठेवली तर तुम्ही रंगाची नाही, जागेची परीक्षा घेत असता.

शेवटी खरी चाचणी. सगळे पुठ्ठे उचला. नवे, न वापरलेले पुठ्ठे मांडा, सगळ्यांवर धुतलेल्या कोरड्या झाकण्या ठेवा आणि पाक कुठेच ठेवू नका. जुन्या पुठ्ठ्यांवर माश्यांनी आपला वास ठेवलेला असतो, म्हणून हा बदल हवाच. माश्या निळ्यावर गर्दी करतील, कोरड्या झाकणीत सोंड खुपसून पाहतील. रंग दिसत नसता तर निळ्याइतक्याच उजळ असलेल्या एखाद्या राखाडी पुठ्ठ्याशी त्यांचा गोंधळ झाला असता. तो होत नाही.

दुसऱ्या दिवशी निळ्याऐवजी गडद लाल पुठ्ठा घेऊन तेच करा. आता त्या काळ्या आणि गडद राखाडी पुठ्ठ्यांवरही जाऊ लागतात. मुलांच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य पाहायचे तर ते या दुसऱ्या दिवशी. एक मर्यादा सांगून ठेवतो. बाजारातल्या पांढऱ्याशुभ्र कागदात चमक आणणारी रसायने असतात, ती अतिनील किरण शोषतात. त्यामुळे या कागदी प्रयोगातून अतिनीलाबद्दल काहीही ठरवता येत नाही.

अतिनील नक्षी पाहण्यात होणारी चूक

सूर्यफुलाची पाकळी आपल्याला टोकापासून देठापर्यंत एकसारखी पिवळी दिसते. तिचे टोक अतिनील परावर्तित करते आणि बुडाकडचा भाग शोषतो. मधमाशीला त्यामुळे फुलाच्या मध्याभोवती गडद कडे आणि त्याबाहेर उजळ कडे असे चांदमारीच्या पाटीसारखे दिसते. २०२२ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की हे गडद कडे घडवणारी रंगद्रव्ये दुहेरी काम करतात: माश्या बोलावतात आणि कोरड्या हवेत पाकळीतले पाणी टिकवायलाही मदत करतात. रानटी सूर्यफुलांत कोरड्या भागातल्या झाडांचे कडे अधिक रुंद आढळले. आपल्या मराठवाड्यात सूर्यफूल घेणाऱ्याला यात रस वाटायला हरकत नाही. मोहरीच्या कुळातल्या अनेक फुलांतही अशा खुणा असतात.

ही नक्षी पाहायची म्हणून बरेच जण ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च मागवतात, रात्री फुलावर मारतात आणि फुले निळी-हिरवी चमकताना पाहून फोटो टाकतात की मधमाशीला असे दिसते. ते चूक आहे. टॉर्चखाली दिसते ती चकाकी, म्हणजे फुलाने अतिनील शोषून आपल्याला दिसणाऱ्या रंगात परत टाकलेला उजेड. मधमाशी पाहते ते परावर्तन. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही, कित्येकदा चित्र उलटे असते.

खरे परावर्तन टिपायचे तर कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची अतिनील अडवणारी काच काढून घ्यावी लागते आणि भिंगापुढे फक्त अतिनील जाऊ देणारा फिल्टर लावावा लागतो. उजेड उन्हाचा. आपली मांडणी बरोबर आहे का ते तपासायला सोपी युक्ती आहे: हाताच्या पाठीवर सनस्क्रीनचे एक बोट ओढा. अतिनील चित्रात तो पट्टा काळा आला पाहिजे. हा खर्च प्रत्येकाने करावा असे मी म्हणणार नाही. महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला किंवा छायाचित्रणाचा छंद असलेल्याला तो शोभतो. शेतकऱ्याला नक्षी न पाहताही पुढची कामे करता येतात.

एक नक्षी मात्र साध्या डोळ्यांनी दिसते. घाणेरीचा गुच्छ जवळून पाहा. मधली ताजी फुले पिवळी, बाहेरची जुनी केशरी, लालसर. ताज्यांत मकरंद असतो, जुन्यांत नसतो. जुनी फुले गळून न पडता गुच्छ दुरून मोठा दिसावा म्हणून टिकून राहतात आणि जवळ आलेल्या फुलपाखराला रंगानेच सांगतात की इथे आता काही नाही. मधुमालती संध्याकाळी पांढरी उमलते, पतंगांसाठी. दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि मग लाल होते आणि दिवसाचे पाहुणे घेते. दुरून मोठे दिसा, जवळून खरे सांगा. अंतराचे वरचे गणित झाडांना केव्हाच कळले आहे.

आधी मोजा, मग बदला

लागवड बदलण्याआधी आठवडाभर मोजणी करा, नाहीतर फरक पडला की नाही हे कधीच कळणार नाही. फुलोऱ्यातल्या पिकात एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन सुतळीने आखा. त्यातली उमललेली फुले मोजा. मग दहा मिनिटे शांत उभे राहून किती माश्या बसल्या ते वहीत टिपा: सातेरी, फुलोरी (लहान रानटी मधमाशी), आग्या, पोया (बारीक, न डसणारी माशी) आणि भोंगे वेगवेगळे. सकाळी आठ, दहा, बारा आणि दुपारी चार अशा चार वेळा पुरतात. कडेचा एक चौकोन आणि मधला एक, असे दोन तरी घ्या.

सावली स्वतःच्या मागे पडेल असे उभे राहा. गडद, लोकरी कपडे घालू नका. गडद आणि केसाळ वस्तूवर माश्या चवताळून येतात, फिक्या सुती कपड्यांकडे फारसे लक्ष देत नाहीत.

पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी दिसतील. माश्यांना वेळ कळते: कलिंगड-काकडीवर सकाळी गर्दी आणि दुपारी शुकशुकाट, कारण फुले तेव्हा मिटलेली असतात. आणि एकच माशी पाठोपाठ पाहिली तर ती एकाच जातीच्या फुलावरून त्याच जातीच्या फुलावर जाते, वाटेतली दुसरी फुले ओलांडून. ही तिची निष्ठाच परागीभवनाचा पाया आहे, कारण कारल्याचा पराग काकडीच्या काही कामाचा नाही. रंगाची आठवण या निष्ठेला धरून ठेवते. प्रयोगांत मधमाश्या जांभळट रंग एका-दोन भेटींत शिकल्या, हिरवट रंग शिकायला अधिक भेटी लागल्या.

लागवड: विखुरणे सोडा

चार कुंड्यांचा माळी चार रंगांची चार झाडे आणतो. मधमाशीच्या दृष्टीने ते चार बारीक ठिपके होतात. त्याऐवजी चारही कुंड्यांत एकच रोप लावा आणि कुंड्या चिकटवून ठेवा. तुळस किंवा सब्जा मंजिरीला सोडा, कोथिंबिरीचे थोडे वाफे फुलू द्या. शेताच्या बांधावर तर निदान मीटरभर रुंदीचे, एका जातीचे सलग पट्टे हवेत. खरिपात तीळ आणि कारळा, रब्बीत मोहरी, कोथिंबीर, बडीशेप. कायमचे कुंपण घालायचे असेल तर निर्गुडीसारखी झुडपे शोधून सापडणार नाहीत: जनावरे फारशी खात नाहीत, निळसर-जांभळे तुरे येतात आणि माश्यांना ते आवडतात. झाडांत शेवगा, कडुनिंब, करंज, जांभूळ ही फुलोऱ्याची साखळी उन्हाळ्यात तुटू देत नाहीत.

निळा-जांभळा रंग मधमाशीला उपजत आवडतो हे खरे आहे. कधीही फूल न पाहिलेल्या माश्यांच्या चाचण्यांत ते दिसले. सह्याद्रीत कारवीचा बहर ज्याने पाहिला आहे त्याला त्याचा पुरावा वेगळा द्यायला नको. सात वर्षे वाट पाहून अख्खे डोंगरउतार एकाच वेळी जांभळट होतात, त्याहून मोठा ताटवा कुठला! पण उपजत आवड पहिल्या एक-दोन दिवसांची. पिवळ्यात मकरंद मिळाला की माशी पिवळ्याचीच होते. म्हणून बाग निळी करायच्या मागे लागू नका, मकरंद आणि पराग असलेली फुले दाटीने लावा.

याच कारणाने डबल पाकळ्यांची शोभेची फुले टाळा. गच्च भरलेला झेंडू आपल्याला भरगच्च वाटतो. त्यातली पुष्कळ लहान फुले पाकळ्या होऊन गेलेली असतात आणि माशीच्या वाट्याला फार थोडे उरते. एकेरी पाकळीचा साधा झेंडू चालेल.

कांदा बीजोत्पादनाबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण तिथे रंगाचा उपाय चालत नाही. डोंगळ्याचा गेंद पाच-सहा सेंटिमीटरचा, पांढरा, पानाविना उंच उभा, त्यामुळे दिसण्यात तो कमी नाही. एकाच फुलातले पुंकेसर आधी पिकतात आणि स्त्रीकेसर मागाहून, म्हणून पराग एका फुलावरून दुसऱ्यावर न्यायला माशी लागतेच. अडचण चवीची आहे. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असते आणि ते मधमाश्यांना रुचत नाही. शेजारी चार एकर मोहरी किंवा कोथिंबीर त्याच दिवसांत फुलली की माश्या तिकडे निघून जातात. बांधावर चार ओळी कोथिंबीर असावी की नसावी यावर मतभेद आहेत. माझे मत असे: अरुंद पट्टा माश्यांना शेतापर्यंत आणतो आणि लवकर रिकामा होतो, मोठे क्षेत्र त्यांना अडकवून ठेवते. पट्टा अरुंद ठेवा. पेट्या कांद्याला ५ ते १० टक्के फुलोरा आल्यावरच आणा. आधी आणल्या तर माश्या दुसरीकडची वाट शिकून बसतात आणि शिकलेला रंग त्या सहजी सोडत नाहीत.

टोमॅटो आणि वांग्यावर मधमाश्या कमी दिसल्या तर रंगाला दोष देऊ नका. त्यांचे परागकोश टोकाला बारीक छिद्राने उघडतात, अंग थरथरवून पराग झाडावा लागतो. ते काम भोंगे करतात, मधमाशीला ते जमत नाही.

पेट्या, सापळे, प्लॅस्टिक आणि फवारणी

मी पहिल्या वर्षी सगळ्या पेट्या एकाच हिरव्या रंगात रंगवल्या, एका ओळीत, दोन-दोन फुटांवर. दिसायला छान. त्या हंगामात दोन वसाहती राणीविना राहिल्या. नवी राणी मिलनाच्या उड्डाणाला गेली आणि परतताना शेजारच्या पेटीत शिरली, तिथे तिला मारले गेले. खाली पडलेली राणी मी हातात घेतली तेव्हाच कळले की चूक माझ्या ब्रशची होती. एकीकडच्या कामकरी माश्याही दुसरीकडे भरत राहतात, एक पेटी फुगते आणि दुसरी रोडावते.

आता मी निळी, पिवळी, पांढरी आणि काळपट अशा आळीपाळीने रंगवतो आणि दारावर खडूच्या जाडीच्या ठळक खुणाही काढतो: एकीवर फुली, दुसरीवर आडवे पट्टे. लाल आणि काळी शेजारी ठेवू नका, तिला दोन्ही सारख्याच. बाजारातला हिरवा आणि पिवळा रंगही तिला जवळजवळ एकाच जातीचे वाटतात, म्हणून तेही शेजारी नकोत. रंग फक्त बाहेरून द्या आणि पेटी रिकामी असताना द्या. भरल्या पेटीचा रंग बदलला तर बाहेर गेलेल्या माश्या दारापुढे घोटाळत राहतात.

फुलकिड्यांसाठी लावतात त्या निळ्या चिकट सापळ्यांचे तसेच. निळा रंग जसा फुलकिड्यांना ओढतो तसा माश्यांनाही. पीक फुलोऱ्यात असताना हे सापळे लावून तिसऱ्या दिवशी जवळ जाऊन पाहा, पंख चिकटलेल्या माश्या दिसतील. फुलोऱ्याच्या आधी आणि नंतर सापळे वापरा, ऐन फुलोऱ्यात उतरवून ठेवा.

पॉलिहाऊसचे प्लॅस्टिक घेताना दोन शब्दांतला फरक विचारून घ्या. 'यूव्ही स्टॅबिलाइज्ड' म्हणजे उन्हात लवकर न फाटणारे. 'यूव्ही ब्लॉकिंग' म्हणजे अतिनील आत येऊ न देणारे. दुसऱ्या प्रकाराखाली पांढरी माशी आणि फुलकिडे या किडी कमी होतात, कारण त्यांनाही अतिनील लागते. मधमाश्यांचीही तिथे दिशाभूल होते, त्या छताला धडकत राहतात. आत परागीभवन माश्यांकडून करून घ्यायचे असेल तर हे प्लॅस्टिक घेऊ नका.

फवारणी सूर्य मावळल्यावर, माश्या परतल्यावर करा. शेतातले तणही फुलले आहे का ते आधी पाहा. पिकाच्या फुलांना जपून खालच्या तणाच्या फुलांवर औषध पडले तर माश्या तिथेच मरतात. पेट्या हलवायच्या असतील तर रात्री, आणि उजेडासाठी बॅटरीवर लाल जिलेटिनचा कागद बांधून. साध्या टॉर्चच्या झोतावर माश्या झेपावतात, लाल उजेडात त्या अंधारात असल्यासारख्या शांत राहतात आणि आपल्याला पेटीचे दार नीट दिसते.

रात्रीचा विषय निघाला म्हणून भीमाशंकरच्या भोंग्याबद्दल सांगायलाच हवे. झायलोकोपा ट्रँक्वेबारिका हा सुतार भोंगा अमावास्येच्या रात्रीही बाहेर पडतो. भीमाशंकरच्या जंगलात हेमा सोमनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवून दिले की नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात, जिथे माणसाला सगळे राखाडी दिसते, तिथे हा भोंगा घरट्याजवळच्या खुणा रंगावरून ओळखतो. या जातीचे भोंगे वाळलेल्या लाकडात घरटी करतात. आपल्या बांधावरचा वठलेला आंबा किंवा सुकलेली जाड फांदी सरपणासाठी तोडायच्या आधी तिच्यावर बोट जाईल एवढी गोल, स्वच्छ भोके आणि खाली भुसा दिसतो का ते पाहा. दिसला तर ते लाकूड तसेच राहू द्या.